‘सर्व्हर डाउन शे’ म्हणजे नेमकं काय डाउन?

मागच्या अंकात घरच्या राउटरबद्दल लिहिलं आणि सर्व्हरच्या बाजूचे प्रश्नही पाठवा असं सुचवलं. पत्रं रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंत सगळीकडून आली. जून-जुलैत आपल्याकडे पेरणी आणि प्रवेशाचे अर्ज एकाच वेळी अंगावर येतात, त्यामुळे बहुतेकांचा राग एकाच गोष्टीवर आहे: शेवटच्या तारखेला साइट बसते. मी जळगावात शिक्षणसंस्थांचे आणि पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे हा राग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे आणि मला तो रास्त वाटतो. पाड्यावरून मूल दाखले घेऊन तालुक्याला येतं, बाप दिवसाची मजुरी बुडवून सोबत येतो, आणि पांढऱ्या पानावर इंग्रजीची एक ओळ दिसते. ती ओळ बहुतेक वेळा टाळता येते. मशीन कमी पडलेलं नसतं. आहे त्या मशीनवर किती काम सोडायचं आणि कधी थांबवायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं.

पत्र लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, यावल तालुक्यात माझं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र आहे. शेवटच्या दोन दिवसांत साइट कधी ५०२ दाखवते, कधी ५०३, कधी ५०४. लोकांना मी ‘सर्व्हर डाउन शे’ एवढंच सांगतो. या आकड्यांत फरक असतो का? आणि सारखं रिफ्रेश मारलं तर नंबर लवकर लागतो का?

फरक असतो, आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे.

तुमचा ब्राउझर ज्या मशीनशी बोलतो तिथे अर्जाचं काम होतच नाही. पुढे एक मशीन असतं, त्याला लोड बॅलन्सर किंवा रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. ते तुमची रिक्वेस्ट घेतं आणि मागच्या चार-सहा ॲप सर्व्हरपैकी एकाकडे देतं. हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा पुढचं मशीन मागच्यांबद्दल सांगत असतं. ५०२ म्हणजे मागच्याने जोडणी नाकारली किंवा बोलता बोलता मध्येच तोडली. ५०३ म्हणजे काम द्यायला आत्ता कुणीच उपलब्ध नाही, किंवा साइटने जाणूनबुजून ‘थोड्या वेळाने या’ म्हटलंय. ५०४ म्हणजे मागच्याने काम घेतलं, पण ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही. पुढच्या मशीनवर एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर फार ठिकाणी असतं. त्यात कुणी काही बदललं नसेल तर ही मुदत ६० सेकंदांची असते.

आता पैशाचं. ५०४ आलं तेव्हा पुढच्या मशीनने वाट पाहणं सोडलं, मागच्याने काम सोडलेलं असेलच असं नाही. ६१व्या सेकंदाला फी जमा होऊन पावती तयार झालेली असू शकते, फक्त ती तुमच्यापर्यंत पोचलेली नसते. मध्येच तुटलेल्या ५०२ लाही तेच लागू आहे. म्हणून फीच्या पानावर ५०२ किंवा ५०४ दिसलं की पुन्हा ‘पे’ दाबू नका. आधी लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आलाय का ते बघा. ५०३ मध्ये रिक्वेस्ट बहुधा आतपर्यंत गेलेलीच नसते, तरी पैशाच्या पानावर स्थिती बघूनच पुढे जावं.

रिफ्रेशने नंबर लवकर लागत नाही, उलट मागे जातो. तुमची आधीची रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरवर चालूच असते, कारण ब्राउझर निघून गेलाय हे त्याला बहुतेक वेळा कळतच नाही. नवी रिक्वेस्ट तिच्याही मागे उभी राहते. दहा केंद्रांवर दहा जण असं करतात आणि आधीच दमलेल्या सर्व्हरला एकेका अर्जाचं काम पाच-पाच वेळा करावं लागतं. चांगली सॉफ्टवेअर अशा वेळी थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करतात आणि त्यात मुद्दाम थोडा इकडेतिकडे फरक ठेवतात, म्हणजे सगळे एकदम परत येत नाहीत. तुम्हीही तेच करा. अर्धा मिनिट, मग एक, मग दोन, आणि सगळ्या कॉम्प्युटरवर एकाच क्षणी नको.

एक आकडा तुम्ही लिहिलेला नाही, पण केंद्रावर तो दिसतोच: ४२९. हा २०१२ साली प्रमाण झाला आणि त्याचा अर्थ ‘तुम्ही फार वेळा मागताय’. तुमचे सगळे कॉम्प्युटर एका राउटरमागे असल्याने बाहेरून ते एकच माणूस दिसतात. अशा वेळी एक-दोन मशीन थोडा वेळ बाजूला ठेवली की बाकीची चालू लागतात.

प्रश्न : मॅम, मी शिरपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राउंड रॉबिन, लीस्ट कनेक्शन, आयपी हॅश, यातली काम वाटायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती? व्हायव्हाला विचारतात.

व्हायव्हाला विचारलं तर उलट विचार, ‘रिक्वेस्ट सारख्या वजनाच्या आहेत का?’ खरं उत्तर त्यावर ठरतं.

राउंड रॉबिन आळीपाळीने सगळ्यांना देतं. प्रत्येक रिक्वेस्ट सारखी असेल तर त्याहून साधं आणि भरवशाचं दुसरं काही नाही. पण एका रिक्वेस्टला नुसतं लॉगिनचं पान द्यायचंय आणि दुसरीला आठ सेमिस्टरची गुणपत्रिका पीडीएफमध्ये बनवून द्यायचीय, तर समान संख्या म्हणजे समान काम राहत नाही. तिथे लीस्ट कनेक्शन बरं पडतं, ज्याच्याकडे चालू जोडण्या कमी त्याला पुढचं काम.

पुस्तकात सहसा नसलेले त्याचे दोन खड्डे मात्र लक्षात ठेव. नुकताच चालू झालेला सर्व्हर शून्य जोडण्यांवर असतो, त्यामुळे सगळा लोंढा त्याच्यावर जातो आणि कॅश, म्हणजे नेहमी लागणारी माहिती जवळ ठेवायची जागा, गरम व्हायच्या आत तो बसतो. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी स्लो स्टार्ट आहे, नव्या सर्व्हरचं वजन हळूहळू वाढवतात. दुसरा खड्डा जास्त वाईट. बिघडलेला सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला क्षणात एरर देऊन मोकळा होतो, त्याच्याकडे जोडण्या कायम कमी दिसतात, म्हणून लोड बॅलन्सर त्यालाच आणखी काम देत राहतो. चार सर्व्हरपैकी एक बिघडला तर एक चतुर्थांश लोकांना एरर यायला हवी. इथे निम्म्याहून जास्त लोकांना येऊ शकते.

मला स्वतःला भावते ती दोनांतला एक निवडायची पद्धत. सगळ्यांकडे बघायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे कुठलेही दोन सर्व्हर उचलायचे आणि त्यातल्या कमी गुंतलेल्याला काम द्यायचं. मायकेल मिट्झेनमाकर यांनी १९९६ मध्ये बर्कलीच्या प्रबंधात याचं गणित मांडलं, त्याआधी १९९४ मध्ये आझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी त्याचा पाया घातला होता. एकच उचलण्याऐवजी दोन उचलल्याने सगळ्यात भरलेल्या सर्व्हरवरचा भार जो घसरतो तो थक्क करणारा आहे, आणि दोनाचे तीन केले तर पुढे फारसं काही मिळत नाही. अनेक लोड बॅलन्सर असतील आणि प्रत्येकाकडची माहिती क्षणभर शिळी असेल, तर ही पद्धत फार शहाणी ठरते, कारण सगळे मिळून एकाच ‘मोकळ्या’ सर्व्हरवर तुटून पडत नाहीत.

हॅशबद्दल एक हिशेब स्वतः करून बघ. किल्लीचा, म्हणजे पत्त्यासारख्या ओळखीच्या खुणेचा, आकडा सर्व्हरच्या संख्येने भागायचा आणि बाकीवरून सर्व्हर ठरवायचा. चाराचे पाच सर्व्हर केले की ८० टक्के किल्ल्या जागा बदलतात, म्हणजे कॅश जवळजवळ पूर्ण वाया. १९९७ च्या कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये याच बदलाला साधारण २० टक्केच हलतात. त्याच कामातून पुढच्याच वर्षी साइटची पानं जगभर पोचवणारी अकामाई कंपनी उभी राहिली. कागदावर ० ते १९ आकडे लिही, चाराने भाग, पाचाने भाग, बाकी ताडून बघ. एवढं स्वतःच्या हाताने केलेलं व्हायव्हात विसरता येत नाही.

प्रश्न : सावद्याला आमचा केळी खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. बागांमधून माणसं मोबाइलवरून वजन, भाव, गाडी नंबर भरतात. तीन सर्व्हर आहेत, पुढे एनजिनएक्स. पहिला सर्व्हर सकाळी ९ ते ११ गुदमरतो, बाकीचे दोन बसून असतात. सॉफ्टवेअरवाले चौथा सर्व्हर घ्या म्हणतात. घेऊ का?

नका घेऊ. आधी पाणी कुठे मुरतंय ते बघा, आणि मला ते जवळजवळ दिसतंय. तुमच्या मेलसोबतच्या कॉन्फिगरेशनमध्ये आयपी हॅश लावलेलं आहे.

आयपी हॅशचा हेतू चांगला असतो. एका माणसाची रिक्वेस्ट दर वेळी त्याच सर्व्हरकडे जावी, कारण त्याचं लॉगिन, म्हणजे सेशन, त्या सर्व्हरच्या मेमरीत असतं. माणूस ओळखायचा कशावरून, तर आयपी पत्त्यावरून. घरोघरी वेगळा पत्ता असलेल्या काळात हे चालायचं. मोबाइलवर मात्र तुमच्या माणसाला जुन्या पद्धतीचा, म्हणजे चार आकड्यांचा, स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुतेक वेळा मिळतच नाही. पत्ते संपत आल्यामुळे कंपन्या हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्याला कॅरिअर-ग्रेड नॅट म्हणतात, आणि त्याच्या आतल्या बाजूसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पत्त्यांची पट्टी राखून ठेवली गेली. तुमच्या शेतातल्या माणसांकडे बहुतेक एकाच कंपनीची सिमं असतील, कारण तिचीच रेंज बागेत येते. ती सगळी माणसं सर्व्हरला मूठभर पत्त्यांवरून येताना दिसतात.

आणि पुढची गोष्ट तर तुमचे सॉफ्टवेअरवाले बहुधा पाहत नाहीत. एनजिनएक्सचं आयपी हॅश जुन्या पद्धतीच्या पत्त्याचे चारपैकी पहिले तीनच आकडे धरतं. म्हणजे शेवटचा आकडा वेगळा असलेले २५६ पत्ते त्याच्या लेखी एकच. कंपनीचे ते मूठभर पत्ते एकमेकांना लागून असतील तर सगळे एका सर्व्हरवर. चौथा सर्व्हर घेतलात तर तोही बसून राहील. फार तर सगळा लोंढा पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकेल.

खात्री करून घ्या. सकाळी १० वाजता पुढच्या मशीनचा ॲक्सेस लॉग उघडा. प्रत्येक ओळीत पहिला रकाना पत्त्याचा असतो. फक्त तो रकाना वेगळा काढा, क्रमाने लावा आणि कोणता पत्ता किती वेळा आलाय ते मोजा. अशाच एका धंद्यात मी हे केलं तेव्हा वर तीन-चार पत्ते आणि त्यांच्यापुढे हजारांत आकडे होते, खाली उरलेल्यांपुढे एक-दोन-पाच. शेजारी बसलेल्या मालकाला समजावून सांगायची गरजच पडली नाही. लॉगमध्ये सगळीकडे एकच पत्ता दिसला तर तुमच्याही पुढे आणखी एक प्रॉक्सी आहे असं समजा. मग माणसाचा खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत, शोधावा लागेल. त्या हेडरमधलं सगळंच खरं मानू नका, बाहेरचा माणूस त्यात काहीही लिहून पाठवू शकतो. आपल्या ओळखीच्या प्रॉक्सीने जोडलेला पत्ताच धरायचा.

उपाय दोन. लवकरचा म्हणजे कुकी, लोड बॅलन्सर पहिल्या भेटीत फोनला एक खूण देतो आणि पुढे पत्त्याऐवजी तिच्यावरून सर्व्हर ठरतो. त्याला स्टिकी सेशन म्हणतात. पक्का उपाय म्हणजे सेशन सर्व्हरच्या मेमरीतून बाहेर काढून सगळ्यांच्या सामायिक जागी ठेवणं. रेडिस हे माहिती मेमरीत ठेवणारं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. मग कुणाचीही रिक्वेस्ट कुणीही घेऊ शकतो, आणि एक सर्व्हर बंद पडला तरी वजनकाट्यावरच्या माणसाला पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. तोडलेलं केळं सॉफ्टवेअरची वाट बघत थांबत नाही. चौथ्या सर्व्हरचे पैसे या कामाला लावा.

प्रश्न : लेअर फोर आणि लेअर सेव्हन लोड बॅलन्सर यांत फरक काय? (शिक्षक, धुळे)

लेअर म्हणजे नेटवर्कच्या कामाचा थर: चौथा जोडणीचा, सातवा ॲपचा. लेअर फोरवाला फक्त आयपी पत्ता आणि पोर्ट, म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर, बघतो, जोडणी आली की कुणाकडे तरी लावून देतो आणि आत काय चाललंय ते वाचत नाही. म्हणून तो वेगवान. लेअर सेव्हनवाला एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांची बोली, वाचतो, कोणतं पान मागितलंय आणि कुकी काय आहे ते बघून ठरवतो. त्यासाठी त्याला कुलूप उघडावं लागतं, म्हणजे टीएलएस हे जोडणी गुप्त ठेवणारं कुलूप तिथेच संपवावं लागतं आणि सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, त्याच्याकडे असावं लागतं. सर्टिफिकेटची मुदत संपली की मागचे सगळे सर्व्हर ठणठणीत असूनही साइट बंद दिसते. ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न : चोपड्याच्या एका पतसंस्थेत मी आयटी बघतो. डॅशबोर्डवर सगळे सर्व्हर हिरवे, आणि काउंटरवर सभासद म्हणतात खातं उघडत नाही. कोण खरं?

सभासद.

हिरवा ठिपका हेल्थ चेकचा असतो, आणि तुमचा चेक बहुधा पोर्ट उघडं आहे का एवढंच विचारतोय. ॲप लटकलं तरी ऑपरेटिंग सिस्टीम जोडणी घेत राहते, त्यामुळे ठिपका हिरवाच राहतो. चेक एचटीटीपीचा करा, ॲपमध्ये एक छोटं पान ठेवा आणि ‘२००’, म्हणजे ‘सगळं ठीक’, हे उत्तर आलं तरच जिवंत समजा. एचएप्रॉक्सीत काही न बदलता दर २ सेकंदांनी चेक होतो, सलग ३ चुकले की सर्व्हर बाहेर आणि सलग २ जमले की परत आत. ही आकडेवारी सुरुवातीला ठीक आहे.

मात्र उत्साहाच्या भरात त्या छोट्या पानात डेटाबेस, एसएमएस गेटवे, छपाई असं सगळं तपासू नका. डेटाबेस पाच-सात सेकंद मंदावला तर सगळे सर्व्हर एकदम ‘मेलेले’ ठरतात आणि मंद चालणारी पतसंस्था पूर्ण बंद पडते. एन्व्हॉय या प्रॉक्सीत यावर एक समजूतदार तरतूद आहे. निम्म्याहून कमी सर्व्हर निरोगी दिसू लागले तर तो चेकवरच अविश्वास धरतो आणि सगळ्यांना काम वाटत राहतो. तुमच्या संस्थेत तरी मी सर्व्हरचा चेक फक्त त्या सर्व्हरपुरता ठेवीन आणि डेटाबेसवर वेगळी घंटा लावीन.

तुम्ही शेवटी दुपारी गर्दी नसताना येणाऱ्या तुरळक ५०२ चंही विचारलंय. मोकळी जोडणी पुढचं मशीन किती वेळ धरून ठेवतं आणि मागचं किती वेळ, ते ताडून बघा. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरला ही मुदत ६० सेकंदांची, नोड या ॲप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं ५ सेकंदांची होती. मागच्याने जोडणी बंद करायला आणि पुढच्याने तीवर नवं काम पाठवायला एकाच क्षणी गाठ पडली की ५०२. मागची मुदत पुढच्यापेक्षा जास्त ठेवा, थांबेल.

प्रश्न : सगळे म्हणतात लोड बॅलन्सर लावा. पण तोच पडला तर? (अमळनेर)

म्हणून तो जोडीने ठेवतात. दोघांमध्ये एक सामायिक, म्हणजे व्हर्च्युअल पत्ता असतो. ज्याच्याकडे तो आहे तो दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप सोडतो, आणि तीन निरोप चुकले की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. या पद्धतीला व्हीआरआरपी म्हणतात, लिनक्सवर कीपअलाइव्हडी ते काम करतं. साधारण तीन-चार सेकंदांत बदल होतो. दोघांमधली वायरच तुटली तर मात्र दोघेही स्वतःला मालक समजतात, तेव्हा ती वायर एका साध्या स्विचच्या भरवशावर सोडू नका.

डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, दोन पत्ते लिहून ठेवणं हा जुना उपाय, १९९५ च्या आरएफसी १७९४ या माहितीपर टिपणातही त्याची चर्चा आहे. पण साध्या डीएनएसला कोणतं मशीन मेलंय हे कळत नाही, आणि टीटीएल, म्हणजे पत्ता लक्षात ठेवायची मुदत, संपेपर्यंत लोकांकडे जुनाच पत्ता राहतो. सर्व्हर हलवायचा असेल तर टीटीएल आदल्या दिवशीच कमी करून ठेवा.

आणि जोडी लावल्यावर एकदा उठून खरंच जागेवर जाऊन बघा. आपल्याकडे मी दोन लोड बॅलन्सर एकाच यूपीएसवर पाहिलेत, आणि दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन हायवेच्या कडेला एकाच चरातून नेलेल्या पाहिल्यात. जेसीबीचा एक फावडा आणि दोन्ही गेल्या. मे महिन्याच्या उन्हात खोलीचा एसी एकच असेल तर तोही या हिशेबात धरा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या निकालाची साइट दर वर्षी निकालाच्या दिवशी बसते. या वेळी तीनाचे चार सर्व्हर केले, तर आणखी लवकर बसली. असं कसं? (ग्रंथपाल, भुसावळ)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हेच मला सगळ्यांना सांगायचं असतं.

तुम्ही कळवलंय की डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे आणि प्रत्येक ॲप सर्व्हर ३० जोडण्यांचा साठा उघडतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मुळात १०० जोडण्यांचीच परवानगी असते. तीन सर्व्हर म्हणजे ९०, भागत होतं. चौथा आला, १२० झाल्या. वरच्या वीसेक जोडण्यांना नकार, त्या ॲपमध्ये एरर होऊन फुटल्या, पोरांनी पुन्हा बटण दाबलं, आणि पुढचं तुम्ही पाहिलंतच. लोड बॅलन्सर क्षमता निर्माण करत नाही. तो असलेली वाटतो, आणि खरी अडचण त्याच्या मागे, दोन पायऱ्या आत बसलेली असते.

आता कागद घ्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: एका वेळी आत असलेली कामं म्हणजे दर सेकंदाला येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ. सेकंदाला ३०० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, तर आत ६०. डेटाबेस मंदावून तोच वेळ २ सेकंद झाला तर आत ६००. विद्यार्थी तितकेच, गर्दी दहापट. शिवाय वेळ वाढतो तोही सरळ रेषेत नाही. रांगेचं जे गणित १९०९ पासून आगनर एरलांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत सुरू केलं, त्याच्या सगळ्यात साध्या रूपात सर्व्हर ५० टक्के गुंतलेला असताना काम मूळ वेळेच्या दुप्पट वेळेत होतं, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. ९० टक्के वापर म्हणजे १० टक्के शिल्लक, असं ऑफिसात समजलं जातं आणि निकालाच्या दिवशी घात होतो.

तुमच्या गावाजवळ हतनूरच्या धरणाला ४१ दरवाजे आहेत. वरून पाणी किती येणार हे धरणाच्या हातात नसतं, खाली किती सोडायचं हे असतं. लोड बॅलन्सरवर नेमकं तेच ठरवायचंय, आणि इथे एक सोय जास्त आहे: धरणाला पाणी परत पाठवता येत नाही, आपल्याला रिक्वेस्ट परत पाठवता येते. प्रत्येक सर्व्हरला एका वेळी किती कामं द्यायची याची कमाल मर्यादा लावा. एचएप्रॉक्सीत ती सर्व्हरगणिक लावता येते. त्यापुढे छोटी रांग, रांगेलाही मुदत. त्याहून जास्त येईल त्याला लगेच ५०३, सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये किती सेकंदांनी यायचं ते, आणि मराठीत एक ओळ: ‘गर्दी आहे, दोन मिनिटांनी या, निकाल कुठे जात नाही.’ विद्यार्थ्याला ६० सेकंद कोरं पान बघायला लावण्यापेक्षा एका सेकंदात दिलेला हा नकार जास्त माणुसकीचा आहे. आत गेलेल्यांना निकाल दिसतो आणि रांग सरकत राहते. सगळ्यांना आत घेतलं तर कुणालाच दिसत नाही.

तुमच्या बाबतीत तर यातलं बरंचसं लागूही नये. निकाल लागल्यावर तो बदलत नाही. मग प्रत्येक विद्यार्थ्यामागे डेटाबेसला विचारायचं कशाला? आदल्या रात्री प्रत्येक बैठक क्रमांकाचं पान बनवून साध्या फाइली म्हणून ठेवा. फाइलची नावं नुसत्या क्रमांकावरून ओळखता येणार नाहीत अशी ठेवा, म्हणजे कुणाचाही निकाल कुणीही उघडणार नाही, आणि वेळ झाली की त्या खुल्या करा. साध्या फाइली देताना एक बेताचं मशीनही तुमच्या सगळ्या महाविद्यालयाला पुरून उरेल. चौथा सर्व्हर परत करा.

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. इथे रेंज एक-दोन दांड्या. दाखला अपलोड करताना मध्येच तुटतं आणि सगळा अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. शहरातल्या मुलांचं मात्र पटकन होतं. सर्व्हर आमच्याशी वेगळं वागतो का?

जाणूनबुजून नाही, पण परिणाम तोच होतो, सर.

मंद जोडणी सर्व्हरची जागा जास्त वेळ अडवते. काही लोक मुद्दाम अशा मंद जोडण्या शेकड्यांनी उघडून साइट पाडतात. २००९ मध्ये स्लोलॉरिस नावाचं असं एक हत्यारच आलं. त्यापासून वाचायला पुढच्या मशीनवर मुदती लावतात: ठरावीक वेळ एकही बाइट आला नाही तर जोडणी तोडा. एनजिनएक्सला ही मुदतही ६० सेकंदांची. डोंगरात रेंज मिनिटभर जाते, आणि तुमचा विद्यार्थी त्या हल्लेखोरासारखाच दिसतो. ज्यांच्या हातात अशा साइट आहेत त्यांना मी प्रत्येक बैठकीत दोन गोष्टी मागते. अर्ज पानागणिक जतन व्हावा, आणि अपलोड जिथे तुटलं तिथून पुढे सुरू व्हावं. दोन्ही करता येण्यासारख्या आहेत. मंद जोडण्या पुढच्या मशीनने स्वतःकडे साठवून पूर्ण झाल्यावरच मागे द्याव्यात, म्हणजे मुदत सैल केली तरी ॲप सर्व्हर अडकत नाही.

तुमच्या हातातलं सांगते. पडद्यावर ४१३ आलं असेल तर रेंजचा दोष नाही, फाइल मोठी आहे. एनजिनएक्समध्ये कुणी वाढवली नसेल तर मर्यादा १ एमबीची असते आणि मोबाइलचा फोटो सहज ३-४ एमबी भरतो. ४०८ आलं तर वेळ संपली. दाखल्यांचे फोटो ऑफलाइन असतानाच कापून २०० केबीच्या आत आणा, अक्षरं वाचता येतात ना ते मोठं करून बघा, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर आधी तयार ठेवा. मग पहाटे, टॉवरवर गर्दी नसताना, एकेक मुलाचा अर्ज पूर्ण करा. शेवटच्या तारखेची वाट तुम्ही बघत नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. तुटल्याची वेळ आणि आकडा मात्र वहीत लिहून ठेवा आणि स्क्रीनशॉटसह साइटच्या मदत कक्षाला पाठवा. ‘१२ तारखेला सकाळी ११:२० ला ४०८’ एवढं कळलं की पलीकडे बसलेल्या माझ्यासारखीला लॉगमध्ये तुमची नेमकी ओळ सापडते आणि मुदत वाढवून घ्यायला पुरावा हातात येतो.